काउंटरवर ६०, तरी गेम अडकतोच

डेस्कटॉप पीसीवर गेम अडखळू लागला की दोन पक्ष पडतात. एक पक्ष कॅबिनेट उघडायला स्क्रू-ड्रायव्हर शोधतो, दुसरा गेम बनवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडतो. या संवादातला मामा डोंबिवलीत पीसी जोडून देतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. त्याची भाची संगणकशास्त्र शिकते आणि गेम आतून कसे बनतात याकडे तिचं लक्ष असतं. मामा म्हणतो, आधी आपलं यंत्र तपासा. भाची म्हणते, गेमचे पैसे मोजल्यावर तपासणीही गिऱ्हाइकानेच का करायची? ही दोन माणसं कल्पनेतली आहेत. त्यांच्या बोलण्यातले गेम, यंत्रं आणि त्यांची दुखणी मात्र खरी आहेत.

भाची : मामा, तुझ्याकडे जो येतो तो ‘गेम लॅग मारतो’ म्हणतो आणि तू त्याच्या पीसीत काय चुकलंय ते शोधायला बसतोस. गेल्या काही वर्षांत पीसीवर आलेले मोठे गेम बघ ना. बाजारातलं सगळ्यात महाग कार्ड लावलं तरी अडकतात. मग त्या बिचाऱ्याची धूळ झटकून काय होणार?

मामा : अगं, मी लगेच पंखा पुसायला घेत नाही. आधी विचारतो, केव्हा अडकतो? सुरू केल्यापासून, की दहा-पंधरा मिनिटांनी? ठरावीक जागी, की कुठेही? नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावरच, की परत गेल्यावरही? नेट बंद करून एकट्याने खेळलास तरी अडकतो का? एवढ्या उत्तरांत निम्मं निदान होतं. पण लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘फ्रेम मोजणारा काउंटर तर साठ दाखवतोय.’

भाची : तो काउंटरच फसवतो. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. आता समज, एका सेकंदात ५९ फ्रेम साडेतेरा-साडेतेरा मिलिसेकंदांत निघाल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद रखडली. बेरीज एका सेकंदाचीच होते, फ्रेमही साठच भरतात. खेळणाऱ्याला मात्र चित्र गोठलेलं दिसतं आणि तेवढ्यात समोरचा गोळी घालून जातो.

मामा : आपल्या लोकलसारखं. दिवसभराची सरासरी काढली तर दर काही मिनिटांनी गाडी असते. सकाळी एक गाडी वीस मिनिटं आली नाही, की फलाटावरच्या माणसाला ती सरासरी काय कामाची?

भाची : हे कार्डांची परीक्षणं लिहिणाऱ्यांच्याही उशिराच लक्षात आलं. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसनने ‘इनसाइड द सेकंड’ नावाचा लेख लिहिला. सेकंदाची सरासरी सोडा, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजा, असं त्यात सांगितलं होतं. तसं मोजल्यावर दोन ग्राफिक्स कार्डं एकत्र जोडण्याच्या पद्धतीचं पितळ उघडं पडलं. आकडा भरघोस, पण एक फ्रेम आली की दुसरी लगेच तिच्या पाठीला, आणि मग तिसरीला उशीर. कार्डं बनवणाऱ्या एएमडीला २०१३ मध्ये त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, सुधारावा लागला. गिऱ्हाइकाने दोन कार्डांचे पैसे मोजले होते आणि खोट कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये होती. मी हेच म्हणतेय.

मामा : आणि मी म्हणतोय, ते कळलं कशामुळे? मोजल्यामुळे. मीही तेच करतो. एमएसआय आफ्टरबर्नर टाकायचा, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमटाइमची रेघ लावायची. रेघ सपाट राहिली तर ४५ फ्रेमवरही खेळायला बरं वाटतं. रेघेला सुळके आले तर १०० फ्रेमवरही वैताग येतो. सुळका आला त्या क्षणी प्रोसेसर, कार्ड, रॅम आणि तापमान काय होतं, ते शेजारच्या आकड्यांत बघायचं.

भाची : बरं, बघितलं. सापडतं काय?

मामा : ऐकशील तर हसशील. ग्राफिक्स कार्ड आहे, आणि मॉनिटरची केबल खोचलेली मदरबोर्डच्या पोर्टात. कार्ड बसून, प्रोसेसरमधलं बारकं ग्राफिक्स राबतंय. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला, पण विंडोजमध्ये तो ६०वरच. ही दुरुस्ती उभ्याउभ्या होते, त्याचे मी पैसेही घेत नाही. मग येते रॅम. १६ जीबी आहे, पण एकाच स्टिकमध्ये, म्हणजे दोन वाटांनी जाणारा डेटा एकाच वाटेने चाललाय. किंवा दोन स्टिक आहेत, पण शेजारीशेजारी लावलेल्या. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. आणि डीडीआर४ची ३२०० लिहिलेली रॅम टास्क मॅनेजरमध्ये बघावी तर २१३३ नाहीतर २६६६वर चालतेय, कारण रॅमला लिहिलेल्या वेगाने चालवणारं एक्सएमपी बायोसमध्ये कोणी चालूच केलेलं नसतं.

भाची : या गोष्टींनी गेम हळू चालेल. झटके का देईल?

मामा : देतो. विशेषतः जिथे प्रोसेसरला एका दमात खूप माल गोळा करावा लागतो तिथे. गर्दीचा चौक, मोठा स्फोट. सरासरी थोडीच घसरते, पण सगळ्यात वाईट फ्रेम आणखी वाईट होतात. आणि दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होणाऱ्या दुखण्याचं कारण बहुतेकदा उष्णता असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली, कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं, जाळीवर धुळीचा थर. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या घरात गेला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, जरा निवला की वाढवतो, परत उतरवतो. खेळणाऱ्याला वाटतं गेम खराब आहे.

भाची : इतपत मान्य. पण आता माझी बाजू ऐक. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम. पाणी कसं चमकेल, धूर कसा पसरेल, हे ते ठरवतात. प्रत्येक कार्डाची यंत्रभाषा वेगळी, त्यामुळे पीसीवर ते त्या-त्या कार्डासाठी तिथल्या तिथे कंपाइल करावे लागतात. प्लेस्टेशनमध्ये सगळ्यांकडे एकच चिप असते, म्हणून तिथे ते तयार होऊनच येतात. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आलं. त्याआधी ड्रायव्हर जे पडद्यामागे सांभाळून घ्यायचा, त्यातलं बरंच काम गेम बनवणाऱ्यांकडे आलं. कोणते शेडर कुठे लागणार याची तयारी आधीच करून ठेवायची, ही जबाबदारी आता त्यांची. ज्यांनी ती टाळली त्यांच्या गेममध्ये पहिला स्फोट होतो, शेडर तयार नसतो, आणि तो तयार होईपर्यंत चित्र थांबतं. डिसेंबर २०२२ मध्ये ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ आला तेव्हा पीसीवाल्यांनी हेच भोगलं. यात रॅमची स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये आहे याला काय अर्थ?

मामा : काहीच नाही. पण मला सांग, परत त्याच जागी गेल्यावर तो झटका येतो का?

भाची : नाही. एकदा तयार झालेला शेडर डिस्कवर साठवला जातो.

मामा : मग ओळखायची खूण मिळाली की नाही? पहिल्यांदा अडकला आणि दुसऱ्यांदा सुरळीत गेला, तर शेडर. आणि इथे यंत्राच्या मालकाकडूनही चूक होते. गेम सुरू होताना ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी सरकत असते. ती पूर्ण व्हायच्या आतच काही जण पुढे जातात. काही जण कुठेतरी ऐकून साठवलेल्या शेडरचा कॅश पुसतात आणि गेलेलं दुखणं परत घरी आणतात. ड्रायव्हर बदलला की साठवलेले शेडर बऱ्याचदा नव्याने करावे लागतात. म्हणून दर आठवड्याला नवा ड्रायव्हर टाकायची हौस मी कोणाला लावत नाही.

भाची : पण परत गेल्यावरही येणारा झटका? एका भागातून दुसऱ्या भागात जाताना पुढचा परिसर डिस्कवरून उचलताना येतो तो? २०२३ मध्ये ‘डेड स्पेस’ची नवी आवृत्ती आली, ‘स्टार वॉर्स जेडाय : सर्व्हायव्हर’ आला. ठरावीक उंबरठ्यावर पाऊल पडलं की झटका. दहादा जा, दहादा झटका. भारीतल्या भारी पीसीवरसुद्धा.

मामा : तसाच झटका साध्या हार्डडिस्कवर ठेवलेल्या गेमलाही येतो, आणि कार्डाची मेमरी भरली तरी येतो. तिन्ही दुखणी दिसायला सारखीच. आठ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं, सगळ्यात वरच्या पायरीला ठेवले, की कार्डात न मावलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो. तिथून तो आणायचा म्हणजे कार्डावरच्या मेमरीच्या मानाने फारच संथ. म्हणून मी आधी गेम एसएसडीवर हलवतो, टेक्श्चर एक पायरी खाली आणतो आणि त्याच जागी पुन्हा चालून बघतो. झटका गेला तर दुखणं आपल्या घरचं. राहिला तर तुझं म्हणणं बरोबर.

भाची : यंत्राचा दोष नसल्याचा आणखी सरळ पुरावा देते. ‘एल्डन रिंग’ फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी आला आणि विंडोजवर अडखळू लागला. त्याच आठवड्यात व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक बाजारात आला. हातात धरायचं यंत्र, ताकद चांगल्या डेस्कटॉपपेक्षा कितीतरी कमी. पण विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा जो थर त्यात आहे, त्यात व्हॉल्व्हच्या लोकांनी या गेमसाठी दुरुस्ती केली. त्या कमी ताकदीच्या यंत्रावर गेमचे झटके महागड्या पीसीपेक्षा कमी झाले. आता सांग, पीसीवाल्याने कुठला पंखा बदलायला हवा होता?

मामा : कुठलाच नाही. असं गिऱ्हाईक आलं तर मी सांगतो, पैसे खिशात ठेव आणि अपडेटची वाट बघ. पण तुझे दोनच पक्ष आहेत, गेमवाला आणि पीसीवाला. तिसराही असतो. एएमडीच्या रायझन पीसींचं ते प्रकरण आठव. चांगला पीसी अधूनमधून एक-दोन सेकंद अडकायचा. गेम कुठलाही असो, गाणं चालू असलं तरी आवाजही तुटायचा. लोकांनी विंडोज परत टाकली, कार्डं बदलली. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं की बोर्डावरच्या बायोसच्या चिपशी एफटीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग जी देवाणघेवाण करतो, तिच्यामुळे हे होतंय. मे महिन्यापासून दुरुस्त बायोस येऊ लागले. त्यात गेमवाल्याचा दोष नव्हता आणि गिऱ्हाइकाचाही नव्हता.

भाची : ते ओळखायचं कसं?

मामा : आवाजावरून. चित्राबरोबर आवाजही तुटला, किंवा गेम बंद असतानाही माउस अडखळला, तर गेमकडे बघूच नका. ड्रायव्हर, बायोस, नाहीतर जोडलेलं एखादं उपकरण. लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्राम चालवला की कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते दिसतं. ‘ड्रायव्हर अपडेट कर’ हा सल्लाही डोळे मिटून घेऊ नये. एनव्हिडियाच्या ५३१.१८ या ड्रायव्हरने गेम बंद केल्यावरही प्रोसेसर खायला सुरुवात केली होती. मार्च २०२३ मध्ये कंपनीला घाईने ५३१.२६ काढावा लागला.

भाची : आणि ते ‘गेम बूस्टर’, रॅम मोकळी करणारे प्रोग्राम?

मामा : आधी काढून टाकतो. रॅममध्ये नीट ठेवलेला माल बाहेर फेकतात आणि मग तोच डिस्कवरून परत आणावा लागतो. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद केली तर काही गेमना वेग मिळतो, हे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये सांगितलंय. पण तिथेच हेही सांगितलंय की त्याने सुरक्षा कमी होते. ज्या पीसीवर घरातलं नेटबँकिंग चालतं, तिथे मी हात लावत नाही.

भाची : तू पैसे वाचवायला सांगतोस, हे मला आवडतं. दुकानदार असून नवं कार्ड विकत नाहीस.

मामा : विकतो की! पण कार्ड खरंच कमी पडत असेल तर. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल, तर कार्ड दमलंय. तो साठ-सत्तरवर लोळत असेल, फ्रेमला कुठलीही मर्यादा घातलेली नसेल, आणि रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर प्रोसेसर अडवतोय. तिथे कितीही भारी कार्ड लावलं तरी फरक पडणार नाही. लोक म्हणतात, प्रोसेसर तर तीस टक्केच दाखवतोय. अरे, सोळा थ्रेडच्या प्रोसेसरचा एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो सहा टक्केच दिसतो. गेमचा मुख्य धागा त्या एकावरच अडकलेला असतो.

भाची : आणि कधीकधी वेगच नडतो. ‘स्कायरिम’ २०११ मध्ये आला तेव्हा त्यातल्या वस्तूंचं पडणं-उडणं ६० फ्रेमच्या हिशेबाला बांधलेलं होतं. त्याच्यावर नेलं की टेबलावरची भांडी आपोआप उडायची.

मामा : म्हणून मी बऱ्याच जणांना फ्रेमवर मर्यादा घालून देतो. कधी ९०, कधी ५५, असं वरखाली होण्यापेक्षा एका आकड्यावर बांधलेला गेम सुखाचा. तो आकडाही विचार करून निवडायचा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० बांधले तर एका फ्रेमच्या वाट्याला २.४ वेळा पडदा उजळणं येतं. कुठली फ्रेम दोनदा दिसते, कुठली तीनदा, आणि चाल लंगडते. ७२ बांधले तर सगळ्यांना दोन-दोन, ४८ बांधले तर तीन-तीन. मॉनिटर जी-सिंक किंवा फ्रीसिंकवाला असेल तर तो फ्रेमच्या तालावर स्वतः चालतो आणि ही चिंता उरत नाही. मात्र २०० मिलिसेकंदांचा खड्डा तोही बुजवू शकत नाही.

भाची : मामा, तुझी पद्धत चोख आहे, म्हणूनच माझी तक्रार आहे. तुझ्यासारखे हुशार लोक कंपन्यांची राहिलेली कामं निस्तरतात, आणि खेळणाऱ्यांना वाटू लागतं की गेम विकत घेतला की महिनाभर तो नीट करत बसणं हा रिवाजच आहे. जून २०१५ ची गोष्ट बघ. २ तारखेला स्टीम या व्हॉल्व्हच्या गेम-दुकानाने पैसे परत देण्याचं धोरण आणलं. खरेदीला चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर, कारण न विचारता. २३ तारखेला पीसीवर ‘बॅटमॅन : अर्कहॅम नाइट’ आला. ३० फ्रेमला बांधलेला, तरी अडकणारा. लोकांनी रॅमचे स्लॉट तपासले नाहीत, पैसे परत मागितले. प्रकाशक वॉर्नर ब्रदर्सने दोनेक दिवसांतच पीसीवरची विक्री थांबवली, ती सुरू झाली थेट ऑक्टोबरअखेर.

मामा : आणि तेव्हा तरी गेम धड झाला होता का?

भाची : पुरता नाही, तक्रारी राहिल्याच. पण कंपनीला जाब तर विचारला गेला. आता पैसे परत मागण्याची ही वाटसुद्धा अरुंद होतेय. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग पीसीवर आला. सुरुवातीला शेडर तयार व्हायलाच इतका वेळ लागायचा, की अनेकांचे परतीचे दोन तास ती पट्टी बघण्यातच खर्च होत होते. मग त्यात तू सांगितलेल्या तपासण्या करायच्या. दोन तास संपले, गेम गळ्यात.

मामा : म्हणून तर तपासणी क्रमाने करायची. केबल, रॅम, तापमान, ड्रायव्हर, हे नवा गेम घ्यायच्या आधी, घरात असलेल्या आणि नीट चालणाऱ्या जुन्या गेमवर तपासून ठेवायचं. म्हणजे आपलं यंत्र धड आहे एवढं आधीच पक्कं. मग नव्या गेमच्या दोन तासांत तीनच कामं. फ्रेमटाइमची रेघ लावायची, एकाच जागेतून दोनदा चालायचं, टेक्श्चर एक पायरी उतरवून तिसऱ्यांदा चालायचं. तिन्ही वेळा सुळका त्याच जागी आला, तर परत देऊन टाक. मीच सांगेन परत दे.

भाची : तू सांगशील?

मामा : का नाही? कंपनीवर तोंडसुख घेणारे हजारो असतात, कंपनी ऐकत नाही. एएमडीने दोन कार्डांचा ड्रायव्हर सुधारला तो कोणीतरी रेघ काढून दाखवली म्हणून. माझी मोजपट्टी तुझ्याच उपयोगाची आहे.

भाची : उपयोगाची आहे, हे कबूल. पण ती मोजपट्टी विकण्याआधी त्यांनी लावायची, विकत घेतल्यावर आपण नाही, हे मी सोडणार नाही. त्यांच्या हातात कार्डांचे ढीग आहेत, परीक्षक आहेत. शेडर आधी तयार करून ठेवायची सोय, अनेक गेम ज्यावर बनतात त्या अनरियल इंजिनातसुद्धा, २०२३ पासून सुधारत आलीय. तरी नवा गेम अडखळतच यावा?

मामा : येऊ नये. पण माझ्याकडे येणाऱ्यांत असेही असतात, ज्यांनी गेम घेतलेलाच नसतो. कुठूनतरी क्रॅक केलेला उतरवलेला. तो असतो पहिल्या दिवसाच्या आवृत्तीचा. कंपनीने नंतर चार दुरुस्त्या दिल्या, त्यातली एकही त्याला मिळत नाही, आणि हा मला म्हणतो, ‘काका, पीसी बघा ना, अडकतोय.’ त्याने तुझ्या मोर्चात यायचं कसं? पैसे परत मागायचे कुणाकडे?

भाची : म्हणजे भांडायलाही आधी बिल हवं.

मामा : दोन बिलं हवीत. एक गेमचं, एक माझं.